धुवणी चालू आहे

यकृत हा मानवी शरीरातला सर्वांत क्षमाशील अवयव आहे. त्याचा दोन तृतीयांश भाग कापून टाकला तरी उरलेला एक तृतीयांश कुरकुर न करता कामाला लागतो आणि थोड्याच काळात पुन्हा पहिल्याएवढा होतो. हे विधान आमच्या संस्थेच्या दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत बसवलेलं आहे. त्यातला ‘क्षमाशील’मधला ‘क्ष’ दोन वर्षांपूर्वी गळून पडला. तो अजून उगवलेला नाही.

मी या संस्थेत तेवीस वर्षं उंदरांची यकृतं कापतो. मेणाच्या वडीत बसवलेला तुकडा यंत्राच्या पात्यासमोर धरायचा, केसाहून पातळ चकत्या काढायच्या, त्या कोमट पाण्यावर तरंगवायच्या आणि काचेच्या पट्टीवर अलगद उचलायच्या. या कामाला हात स्थिर लागतो आणि महत्त्वाकांक्षा नसलेली बरी. काच मी तयार करतो, अर्थ सर लावतात. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘मूळपुरुष’ म्हणतात, अर्थात पाठीमागे. यकृतातल्या मूलपेशी त्यांनी शोधून काढल्या, म्हणून हे नाव पडलं. हे नाव आपल्याला माहीत नाही असं ते दाखवतात, आणि आवडत नाही असंही दाखवतात. दोन्ही खोटं आहे.

या शोधाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढचा सगळा संताप त्यातूनच आला.

यकृताला इजा झाली की नव्या पेशी येतात कुठून, यावर जगात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, यकृतातल्या नेहमीच्या, कामकरी पेशीच वेळ आली की दुभंगतात आणि एकीच्या दोन होतात. दुसरा पक्ष म्हणतो, पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या कडेला काही खास पेशी जन्मभर झोपून असतात. संकट आलं की त्या जाग्या होतात आणि सगळं यकृत नव्याने उभं करतात. याच मूलपेशी. पहिल्या मतात अडचण अशी की त्यात नायक नाही. जी दिवसभर राबते तीच घरी येऊन चूलही पेटवते, एवढंच त्याचं सार. यावर कोणाला पारितोषिक मिळालेलं माझ्या ऐकिवात नाही. झोपलेला आणि योग्य क्षणी जागा होणारा वीर मात्र सर्वांना पटतो. विभागप्रमुखांना तर फारच पटतो. त्यातला पहिला भाग त्यांना स्वानुभवाने ठाऊक असतो.

मूळपुरुषांचा पुरावा रंगाचा होता. कपडे धुताना एक लाल ओढणी चुकून पांढऱ्या कपड्यांत गेली की जे व्हायचं ते होतं, हे कुठल्याही घरात माहीत असतं. इथे ते मुद्दाम करायचं. उंदरांच्या खाद्यातून एक औषध द्यायचं. ते औषध फक्त पित्तनळ्यांच्या पेशींना लाल रंगवतं, तेही कायमचं. त्या पेशीला जी लेकरं होतील ती लाल, नातवंडंही लाल. मग औषध बंद करायचं आणि ते अंगातून पूर्ण निघून जाईपर्यंत दोन आठवडे थांबायचं. या थांबण्याला आमच्याकडे ‘धुवणी’ म्हणतात. धुवणी झाली की यकृताला इजा करायची आणि वाट बघायची. नव्या कामकरी पेशी लाल निघाल्या, तर त्या पित्तनळीवाल्यांच्या वंशातल्या. म्हणजे मूलपेशी आहेत.

सहा वर्षांपूर्वी माझ्या काचांवर त्या लाल निघाल्या. शोधनिबंध छापून आला. अकरा लेखकांत माझं नाव चौथं लागलं, कारण काचा फारच सुंदर आल्या होत्या. मी पेढीवर उधारी मागावी तशा संकोचाने त्याची एक प्रत मागून घेतली आणि ताईकडे नेऊन दिली.

ती दिली नसती तर बरं झालं असतं.

ताई माझी थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. पाठ्यपुस्तकं, वैद्यकाचे ग्रंथ, कायदे, सगळं त्यांच्या लाल शाईखालून गेलेलं. छापलेल्या मजकुरात किती चुका असतात हे जन्मभर पाहिलेल्या माणसाचा छापलेल्या मजकुरावर विश्वास नसेल असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ते म्हणत, चूक असती तर मला दिसली असती. आमच्या निबंधात त्यांनी सात चुका काढल्या होत्या. चौथ्या पानावर ‘पित्त’मधला अर्धा ‘त’ पडला होता आणि त्यामुळे ‘पितनळी’ झाली होती. बाकी मजकूर निर्दोष आहे, असा त्यांनी शेरा मारला आणि निबंध कपाटात पोथीसारखा ठेवून दिला.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींचं यकृत बिघडल्याचं कळलं. या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. तरीही ज्याला त्याला सिरॉसिस म्हटलं की समोरचा एक क्षण थांबून “अच्छा” म्हणायचा. त्या “अच्छा”चा ताईला इतका राग यायचा की पुढे तिने आजाराचं नाव सांगणंच सोडलं. “पोटात पाणी होतं,” एवढंच सांगायची. मग लोक विहिरीचं पाणी, उकळलेलं पाणी असे सल्ले द्यायला लागले.

यंदा सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं. औषधांचं काम संपलं, आता यकृत बदलायला हवं. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा चालतो. देणाऱ्याचं पुन्हा भरून येतं आणि घेणाऱ्याचंही वाढतं. ताईचा रक्तगट जुळला, तपासण्या जुळल्या, आकारही जुळला. बाई म्हणाल्या, तीन महिने हातात आहेत, त्यानंतर शस्त्रक्रिया हे सोसणार नाहीत. प्रत्येक भेटीत त्या भाऊजींना कागदावर एक वाक्य लिहायला लावायच्या. यकृत थकलं की मेंदूत घाण साठते आणि अक्षर बिघडतं, म्हणून. ज्या माणसाने चौतीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं तपासली, त्याचं अक्षर आता दर पंधरवड्याला तपासलं जात होतं, आणि दर पंधरवड्याला ते थोडं अधिक थरथरत होतं.

ताई दुसऱ्या दिवशीच सही करायला तयार होती. भाऊजी नाही म्हणाले.

मला बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा भाऊजी खुर्चीत उशा लावून बसले होते. डोळे पिवळे, पाय सुजलेले. मांडीवर आमचा निबंध.

“या, शास्त्रज्ञबुवा,” ते म्हणाले. “हे काय आहे?”

मी म्हटलं, निबंध आहे.

“कोणाचा?”

“आमचा.”

“मग तुमच्या ताईला समजावा. माझ्या यकृतात झोपलेल्या पेशी आहेत, त्या जाग्या होऊ शकतात, असं तुम्ही इथे छापलंय. तुमच्याच संस्थेत जागं करायचं इंजेक्शन निघालंय. मी नाव नोंदवलंय. घरातलं माणूस लेखक आहे आणि मी बायकोचं पोट फाडून घेऊ?”

इंजेक्शनची चाचणी खरीच निघाली होती. तिला ‘जागृती’ असं नाव होतं. चाळीस रुग्ण, एक वर्ष. अट एकच: त्या वर्षात दुसरा कोणताही उपचार घ्यायचा नाही. म्हणजे शस्त्रक्रिया नाही. भाऊजींचा क्रमांक एकतीस होता.

ताई दारात उभी होती. ती आत आली नाही. मला बाहेर बोलावून म्हणाली, “त्यांना माझ्या पोटावर टाका नको आहे, म्हणून ते मरायला निघालेत. आणि वर मलाच सांगतात की विज्ञान पुढे गेलंय. तुझं ते विज्ञान मागे घे.”

मी म्हटलं, उंदरातलं माणसाला लगेच लागू होत नाही, हे मी त्यांना समजावतो. समजावलं. भाऊजींनी पान नऊ उघडून दाखवलं. तिथे ‘मानवातही हीच यंत्रणा असण्याची दाट शक्यता आहे’ असं छापलं होतं. ‘दाट’ हा शब्द कोणाचा ते मला माहीत होतं. पण त्याखाली मीही होतो, चौथा.

त्याच्या सहा-सात महिने आधी आमच्याकडे एक नवी संशोधक आली होती. नाव घ्यायचं तर ‘नवी’च, कारण तिला सगळे तेच म्हणत. चाचणीआधी जुना प्रयोग एकदा पुन्हा करून ठेवावा, एवढं बिनमहत्त्वाचं काम तिला दिलं होतं. तिने तो तीनदा केला. मी तीनदा काचा कापल्या, तिसऱ्या नेमक्या याच सुमारास. पित्तनळ्या लाल, कामकरी पेशी पांढऱ्याफटक. एकही वंशज नाही. बैठकीत मूळपुरुष तिला प्रेमाने म्हणाले की काहींचा हात उपजत बसतो आणि काहींचा बसायला वेळ लागतो. नवी माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, “काका, मी त्यांच्याच कृतीने केलंय. शब्द न् शब्द. फरक फक्त उंदीर नव्या इमारतीत आहेत एवढाच. तिकडे दर चौथ्या दिवशी पिंजरे बदलतात.”

मी म्हटलं, जुन्या इमारतीतही बदलायचे.

आणि म्हणतानाच शंका आली. मग उठून जुन्या प्राणीगृहात गेलो.

तिथे मावशी होत्या. प्राणीगृह सांभाळण्यात त्यांची तीस वर्षं गेली. सगळी संस्था त्यांना मावशी म्हणते आणि त्या मला ‘काचवाले’ म्हणतात. निवृत्तीला आठवडा राहिला होता आणि त्या लोखंडी कपाट आवरत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की सहा वर्षांपूर्वीच्या त्या लाल प्रयोगात पिंजरे केव्हा केव्हा बदलले होते.

“नव्हते बदलले,” मावशी म्हणाल्या.

“दोन आठवडे?”

“दोन आठवडे. मी म्हटलं होतं तुमच्या सरांना, वास मारतोय. ते म्हणाले, सूचना पाळा.”

“कुठली सूचना?”

मावशींनी कपाटाच्या तळातून एक फाइल काढली. तीस वर्षांत दारावर लागलेला प्रत्येक कागद त्यांनी जपला होता. उद्या कोणी विचारलं तर, असं त्या म्हणत. दहा हजार दिवस कोणी विचारलं नव्हतं. त्यातला एक त्यांनी माझ्यासमोर धरला. सुबक, वळणदार अक्षर. संस्थेत कुठलीही पाटी लिहायची असली की ते काम माझ्याकडे येतं.

‘धुवणी चालू आहे. दोन आठवडे पिंजऱ्यांना हात लावू नये.’

मला मूळपुरुषांचे शब्द आठवले. ते म्हणाले होते, धुवणीच्या काळात उंदरांना कोणी हात लावायचा नाही. सुई टोचायची नाही, वजन करायचं नाही. मी लिहायला बसलो तेव्हा मला वाटलं, उंदरांना हात लावायचा तर आधी पिंजऱ्यालाच लावावा लागतो. ‘पिंजऱ्यांना’ लिहिलं की जास्त पक्कं. एक शब्द सुधारला.

धुवणी चालू होती, म्हणून दोन आठवडे कोणी काही धुतलं नाही.

“आणि खाद्य?” मी विचारलं.

“हात लावू नये म्हटल्यावर टोपली कोण रिकामी करणार? जाळीतून वरून नवं टाकत होते. खालचं तसंच.” मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज चढला. “काचवाले, तुम्ही लिहायचं, आम्ही पाळायचं, आणि सहा वर्षांनी येऊन तुम्हीच विचारायचं का पाळलं? मी अंगठेबहाद्दर नाही. मला वाचता येतं, हाच गुन्हा झाला ना?”

त्यांचं बरोबर होतं.

खालचं खाद्य म्हणजे औषधाचं खाद्य. शिवाय उंदीर स्वतःच्या लेंड्या खातो. हे प्राणीगृहात पहिल्याच दिवशी शिकवतात. मूळपुरुषांना प्राणीगृहात शेवटचं कोणी पाहिलं ते कोणाला आठवत नाही. म्हणजे इजा केली तेव्हा औषध उंदरांच्या अंगात होतंच. इजा झाली की कामकरी पेशी घाबरून काही काळ पित्तनळीवाल्यांचं सोंग घेतात. हे जुनं, माहीत असलेलं आहे. सोंग घेतलं आणि औषध तिथेच हजर होतं, म्हणून त्या जागच्या जागी लाल झाल्या. कोणी झोपेतून उठलं नव्हतं. कोणाला लेकरं झाली नव्हती. तो वारसा नव्हता, डाग होता. जागतिक कीर्तीचा एक शोध उंदरांच्या लेंड्यांतून निघाला होता आणि त्याला पाटी माझ्या हाताची होती.

मावशींनी मला कागद द्यायला नकार दिला. फाइलमधला कागद असा देता येत नाही, म्हणाल्या. शेवटी मी ‘कागद मिळाला’ अशी पोच लिहून दिली. ती त्यांनी फाइलमध्ये त्याच जागी लावली आणि म्हणाल्या, “आता नीट वाचून लिहिलंय ना?”

मूळपुरुषांच्या दालनात एक खुर्ची आहे जी बसणाऱ्याला थोडं खाली ठेवते. मी उभा राहिलो. कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. हा माणूस कधी चिडत नाही. चिडावं लागेल असं काही त्यांच्याकडे कधी राहतच नाही.

“पिंजरे धुणं आणि धुवणी हे दोन वेगळे विषय आहेत,” ते म्हणाले. “धुवणी ही संकल्पना आहे. ती झाली.”

मी म्हटलं, सर, उंदीर संकल्पना खात नाहीत.

ते हसले. मग म्हणाले की मावशी काही लेखक नाहीत, त्यांच्या आठवणीला शास्त्रीय वजन नाही. तरी मी आग्रह धरणार असेन तर एक समिती नेमू. पिंजऱ्यात अंथरायच्या भुशाच्या प्रश्नावर. सहा महिन्यांत अहवाल.

“शुद्धिपत्र काढा,” मी म्हटलं. “चार ओळी. चाचणी थांबवा.”

“शुद्धिपत्रात चूक कोणाची ते छापावं लागतं.” त्यांनी कागद बोटाने माझ्याकडे सरकवला. “अक्षर छान आहे तुमचं.”

तेवीस वर्षं मी या माणसाला सुंदर काचा दिल्या होत्या. मी म्हटलं, माझं नाव छापा. मोठ्या टायपात छापा. पण चाचणीतल्या लोकांना सांगा. त्यात माझे मेहुणे आहेत, एकतीस नंबर.

मूळपुरुषांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“एकतीस? अहो, मग नशीबवान आहेत. जागा फारच थोड्या होत्या.”

मी कागद उचलला आणि बाहेर आलो. दार आपटायचं ठरवलं होतं. पण त्यांच्या दाराला ते हळू बंद करणारं यंत्र बसवलेलं आहे. मी पूर्ण जोराने ढकललं तरी ते नम्रपणे, सावकाश बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवीने मिळून नियतकालिकाला पत्र पाठवलं. उत्तर चार दिवसांत आलं. दुरुस्तीसाठी सर्व अकरा लेखकांची संमती आवश्यक आहे. विशेषतः प्रमुख लेखकाची. तोवर सर्जनबाईंच्या तीन महिन्यांतले सात आठवडे गेले होते. भाऊजींच्या पोटातून दोनदा पाणी काढलं होतं. जागृतीचं पहिलं इंजेक्शन पुढच्या सोमवारी होतं.

शनिवारी सकाळी मी ताईकडे गेलो. भाऊजींना सगळं सांगितलं, लेंड्यांसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “हे सगळं तुम्ही तोंडाने सांगताय. छापलेलं वेगळं आहे. चूक असेल तर शुद्धिपत्र दाखवा.”

“ते काढत नाहीयेत.”

“मग चूक नाही.”

“भाऊजी, ते काढत नाहीयेत कारण चूक आहे.”

“चौतीस वर्षं असल्या गप्पा ऐकल्यात मी. प्रत्येक लेखक म्हणतो, मला तसं म्हणायचं नव्हतं. आम्ही तोंडावर नाही जात. आम्ही…” इथे त्यांना धाप लागली, “...मूळ प्रतीवर जातो.”

ताईने हातातलं भांडं टेबलावर आपटलं. “काय ती तुमची मूळ प्रत,” ती म्हणाली. पण मी खिशात हात घातला होता. इतका वेळ मी हे का दाखवलं नव्हतं याचं खरं उत्तर असं की मला लाज वाटत होती.

मी कागद त्यांच्या मांडीवर, निबंधावर ठेवला.

भाऊजींनी चष्मा लावला. चेहरा बदलला. आजारी माणूस कुठेतरी गेला आणि मुद्रितशोधक येऊन बसला. त्यांनी डाव्या हाताचं बोट पाटीच्या ओळीवर ठेवलं, उजव्या हाताचं निबंधातल्या पान दोनवरच्या ओळीवर: ‘दोन आठवड्यांच्या काटेकोर धुवणीनंतर’. दोन्ही ओळी त्यांनी ओठ हलवत वाचल्या, शब्दाशब्दाला थांबून, ताडून. मग पुन्हा वाचल्या.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“‘पिंजऱ्यांना’ नको होतं. ‘उंदरांना’ हवं होतं.”

मी मान हलवली. मी त्यांना आधी सगळं सांगितलं होतं, पण हा शब्द सांगितला नव्हता. तेवढा गिळला होता.

“पेन दे गं,” ते ताईला म्हणाले. लाल पेन त्यांच्या टेबलावर अजून होतं. त्यांनी ‘पिंजऱ्यांना’वर रेघ मारली. हात इतका थरथरत होता की रेघ दोन शब्दांवरून गेली. समासात त्यांनी ‘उंदरांना’ लिहायला घेतलं आणि ‘उं’वरच थांबले. त्या अनुस्वाराकडे बराच वेळ पाहत राहिले. तो ओळीपासून बोटभर लांब पडला होता.

“नजरचूक वेगळी आणि अर्थचूक वेगळी,” ते म्हणाले. “ही अर्थचूक आहे. आणि सहा वर्षांत कोणी मूळ प्रत मागितली नाही? माझ्यासकट?”

मग त्यांनी निबंध बंद केला.

“पण मी हिचं पोट फाडून घेणार नाही,” ते हळूच म्हणाले. “झोपलेल्या पेशी नसल्या तरी.”

म्हणजे तेवढ्यासाठीच होतं सगळं. मला एकदम कळलं की या माणसाला निबंध खरा हवा होता, तो खरा वाटत होता असं नाही. आणि मग मला जो राग आला तो मूळपुरुषांवरच्या रागापेक्षा मोठा होता. पण मला बोलावं लागलं नाही.

“तुम्ही फाडून घेणार नाही,” ताई म्हणाली, “मी देणार आहे. चौतीस वर्षं लोकांच्या मजकुरात ढवळाढवळ केलीत, तेव्हा लेखकाला विचारत होतात ना? मग इथे लेखक मी आहे. यकृत माझं आहे. एक अक्षर बदलायचं नाही.”

भाऊजींनी माझ्याकडे मदतीच्या अपेक्षेने पाहिलं. मी यंत्रासमोर बसल्यावर बघतो तसं समोर बघत राहिलो.

शेवटी ते म्हणाले, “टाका केवढा असतो?”

“माझा आहे तो,” ताई म्हणाली. “मोजेन मी.”

सोमवारी जागृतीच्या ऐवजी ते सर्जनबाईंकडे गेले. बाईंनी कागद पुढे केला. भाऊजींनी लिहिलं: ‘संमती आहे.’ अक्षर भयंकर होतं. शुद्धलेखन निर्दोष होतं.

शस्त्रक्रिया अकराव्या आठवड्यात झाली. बारा तास चालली. ताईच्या यकृताचा साठ टक्के भाग भाऊजींना दिला. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा तिचं पुन्हा जवळजवळ पूर्ण झालं होतं. मी सर्जनबाईंना विचारलं, हे कशाने होतं? त्या म्हणाल्या, “कामाच्या पेशी असतात ना, त्याच वाढतात. दुसरं कोण करणार?” भाऊजी आता सकाळी चालतात आणि दुकानांच्या पाट्यांतल्या चुका मोठ्याने वाचतात. ताईला त्याची लाज वाटते, आणि तीही त्यांच्याबरोबर चालते.

नवीचा करार पुढे वाढवला गेला नाही. मावशी निवृत्त झाल्या. त्यांची फाइल रद्दीत गेली. समितीचा अहवाल आला. प्राणीगृहातला भुसा अधिक चांगल्या प्रतीचा असावा अशी त्यात शिफारस होती. नियतकालिकात चौदा महिन्यांनी शुद्धिपत्र छापलं गेलं. मी ते भाऊजींना नेऊन दाखवलं. त्यात लिहिलं होतं की चौथ्या पानावर ‘पितनळी’च्या जागी ‘पित्तनळी’ असं वाचावं.

जागृती वेळेवर सुरू झाली. यादीतली एकतीस नंबरची जागा त्याच सोमवारी दुपारी भरली होती.